पुढचा बाक

डॉक्टर प्रिचर्ड दोन शब्द वापरतात.
इंग्रजीत ते शेजारी शेजारी राहतात, पण एका घरात नाहीत.
एक: जन्मताना असलेलं.
दुसरा: आईबापांकडून आलेलं.
आणि मग माझ्याकडे बघतात,
वाणसामानाची यादी हातात दिल्यासारखं.

शेफील्ड, बुधवार, दहा चाळीस.
टेकडीवरच्या या दवाखान्यात
मी तासाच्या हिशोबाने मराठी बोलते.
समोर दोन महिन्यांची इरावती,
तिची आई मृणाल, जिला माझी तशी गरज नाही,
आणि आजी, इंदुबाई हुलवळे, वाईहून आलेल्या,
ज्यांना कळायलाच हवंय.

आनुवंशिक म्हणावं, तर मधे वंश बसलेला,
आणि वंश म्हटलं की आपल्याकडे
माणसं आधी सुनेकडे बघतात.
जन्मजात, तर शेपटीला जात.
पिढीजात वैर असतं, पेढी असते, पाटल्या असतात.
न ऐकू येण्याला सातबाऱ्यावर
कोण वारस लावून घेतो?
रक्तातलं म्हणावं,
तर रक्त अजून नळीत आहे, निकाल सहा आठवड्यांनी.
जात्याच म्हटलं तर दळणाचं जातं डोळ्यांपुढे येतं,
निदान माझ्या तरी.

उपजत.
हा चांगला होता. गळा उपजत असतो, शहाणपण उपजत असतं.
पण आत्याचं पहिलं मूल उपजतच गेलं
असं घरात म्हणायचे, भांडी घासता घासता, हळू,
तेव्हापासून तो शब्द मी
बाळ असलेल्या खोलीत नेत नाही.

नियम असा की पदरचं घालायचं नाही
आणि समोरचं गाळायचं नाही.
मी म्हणाले:
जन्मली तेव्हापासून तिला ऐकू येत नाही.
ते कुणाकडून आलं, की कुणाकडूनच नाही,
हे अजून कळलेलं नाही.

इंदुबाई म्हणाल्या, काय?
मी पुन्हा सांगितलं.
आं?
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या,
हिचा मामा ठार बहिरा आहे.
लग्नात बोलले नव्हते.

तेही मी इंग्रजीत केलं. जसंच्या तसं, "ठार"सकट,
म्हणजे जेवढं जमलं तेवढं.
मृणाल माझ्याकडे न बघता म्हणाली, इंग्रजीत,
मामाला पाचव्या वर्षी गोवर निघाला होता.
मग ते मराठीत करणं आलं.
प्रिचर्डबाईंनी काहीतरी लिहिलं, काहीतरी खोडलं.
बाहेर कुणीतरी ट्रॉली भिंतीला धडकवली.
आम्ही तिघी दचकलो.
इरावती नाही.
आणि इंदुबाईही नाहीत,
पण हे मला तेव्हा दिसलं नाही.

साडेअकराला तास संपला. कागदावर सही झाली.
ट्रामच्या थांब्यावर वारं असं की
मृणाल बाबागाडी घेऊन आडोशाला गेली.
इंदुबाई माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या,
मधेच वळसा घालून उजवीकडे आल्या.
शालीचं टोक कानामागे सारलं.

मला शाळेत पुढच्या बाकावर बसवायचे, म्हणाल्या.
चांगली उंच होते मी.
मागच्या पोरी बाईंकडे तक्रार करायच्या,
हिच्यामुळे फळा दिसत नाही.

मी काही बोलले नाही.

डोळे तर चांगले होते माझे, त्या म्हणाल्या,
आणि खाली रुळांकडे बघत राहिल्या,
घासून घासून लख्ख झालेल्या,
घरात एकच असलेल्या सुरीसारख्या.

मी बॅगेत पेन शोधलं, उगाच.
लिहायला रकाना नव्हता.
घंटा वाजवत ट्राम चढावर आली,
पुन्हा वाजवली, अगदी जवळ,
आणि मी कोपराला हात लावला तेव्हा
त्यांनी वर पाहिलं.